इंग्रजी कागदातलं लॅटिन विभक्ती लावून कसं वाचावं

एस.टी.चा सवलतीचा पास काढायचा तर शाळेतून ‘बोनाफाईड’ आणावं लागतं. बांधाच्या वादात न्यायालय ‘स्टेटस क्वो’ ठेवायला सांगतं. दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘बी.डी.’ लिहिलेलं असतं, आणि कापसावरची कुठलीही शास्त्रीय पुस्तिका उघडली की ‘गॉसिपियम हिर्सुटम’ समोर येतं. हे चारही प्रयोग लॅटिन आहेत. चोपड्याचा शेतकरी असो की धुळ्यात कायदा शिकणारी मुलगी, इंग्रजी बऱ्यापैकी येत असूनही नेमकी या ठिकाणी गाडी अडते. मग बाजारातली एखादी यादी घेऊन दोनशे शब्द पाठ केले जातात आणि परीक्षा संपली की विसरलेही जातात.

पाठांतराची गरज फार थोडी आहे, असं माझं ठाम मत आहे. लॅटिनमध्ये शब्दाचं काम त्याच्या शेवटच्या प्रत्ययावरून कळतं, अगदी मराठीत कळतं तसं. इंग्रजीत ही सोय जवळपास उरलेली नाही, म्हणून लंडनच्या विद्यार्थ्याला लॅटिन परकं वाटतं. आपण मात्र सातवी-आठवीत प्रथमा ते संबोधन घोकलेलं असतं. ते ज्ञान बाहेर काढलं तर यातले बहुतेक प्रयोग डोळ्यांसमोर सुटतात. कसे, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी पहिली: आधी शब्दयोगी अव्यय शोधा

लॅटिन प्रयोगात बहुधा एक छोटा शब्द पुढे उभा असतो. मराठीत तो शब्दाच्या मागे चिकटतो, लॅटिनमध्ये आधी येतो. असे दहाबारा ओळखीचे झाले की अर्धं काम झालं.

‘एक्स’ म्हणजे ‘-ऊन, -हून, -मुळे’. ‘एक्स ऑफिशिओ’ म्हणजे पदामुळे. जिल्ह्यातल्या पंचायत समित्यांचे सभापती जिल्हा परिषदेचे सदस्य असतात ते असे, पदसिद्ध. ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे कृपेपोटी, हक्क म्हणून नव्हे. आपत्तीनंतर मिळणाऱ्या सानुग्रह अनुदानाच्या इंग्रजी आदेशात हाच शब्द असतो, आणि ‘सानुग्रह’ हा त्याला अचूक बसवलेला मराठी शब्द आहे. ‘एक्स पार्टे’ म्हणजे एका बाजूकडून, एकतर्फी.

‘साईनी’ म्हणजे ‘शिवाय’. विधानसभा ‘साईनी डाय’ तहकूब झाली म्हणजे पुढचा दिवस न ठरवता, बेमुदत. ‘साईनी क्वा नॉन’ म्हणजे ‘जिच्याशिवाय नाही’ अशी अट, अपरिहार्य.

‘इंटर’ म्हणजे ‘मध्ये’. संस्कृतातला ‘अंतर्’ त्याचा सख्खा भाऊ. ‘इंटर एलिया’ म्हणजे इतर गोष्टींमध्ये, म्हणजेच ‘इतर मुद्द्यांबरोबरच’. वकिलांच्या मसुद्यात हा शब्द दिसला की समजावं, पुढे सांगितलेलं कारण एकमेव नाही, आणखीही आहेत.

‘सब’ म्हणजे ‘खाली’, आपला ‘उप’. ‘सब ज्युडिसी’ म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखाली गेलेलं, न्यायप्रविष्ट. ‘पोस्ट’ म्हणजे ‘नंतर’, म्हणून ‘पोस्ट मॉर्टेम’ मृत्यूनंतरचं. त्या ‘मॉर्टेम’मध्ये आपला ‘मृत’ स्पष्ट ऐकू येतो. ‘अँटे’ म्हणजे ‘आधी’. घड्याळातलं ए.एम. आणि पी.एम. याच दोघांवर चालतं: ‘अँटे मेरिडिएम’ मध्यान्हाआधी, ‘पोस्ट मेरिडिएम’ मध्यान्हानंतर. ‘पर’ म्हणजे ‘प्रत्येकी’: पर कॅपिटा दरडोई, पर ॲनम दरसाल, पर सेंट दर शेकडा. ‘ॲड’ म्हणजे ‘-कडे, -साठी’: ॲड हॉक ‘यासाठी’, आपला ‘तदर्थ’. ‘डी’ म्हणजे ‘-पासून, -बाबत’: डी नोव्हो नव्यापासून, नव्याने. ‘प्रो’ म्हणजे ‘-साठी’. विधानसभेत नवे आमदार शपथ घेतात तेव्हाचे ‘प्रो टेम’ अध्यक्ष म्हणजे तेवढ्या वेळापुरते, हंगामी.

पायरी दुसरी: शेवट बघा, विभक्ती लावा

या पायरीवर घाई करू नका.

लॅटिनमध्ये सहा मुख्य विभक्त्या आहेत. आपली तृतीया आणि पंचमी तिथे एकाच रूपात राहतात, सप्तमीही बरीचशी त्यातच मिसळली आहे. त्यामुळे शब्द ‘ओ’, ‘आ’, ‘ए’ किंवा ‘ऊ’ने संपला आणि पुढे कुठलंही अव्यय नसलं, तर ‘-ने’ लावून बघायचं. ‘बोना फाईड’ म्हणजे ‘चांगल्या विश्वासाने’. शाळा जेव्हा बोनाफाईड देते तेव्हा ती म्हणते, हा आमचाच विद्यार्थी आहे हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. ‘प्रायमा फेशी’ म्हणजे ‘पहिल्या दर्शनाने’, प्रथमदर्शनी. ‘सुओ मोटू’ म्हणजे ‘स्वतःच्या प्रेरणेने’. बातम्यांत ‘सुओ मोटो’ असंही छापलं जातं. तृतीयेचं रूप ‘मोटू’ आहे, तेव्हा परीक्षेतही तेच लिहा. तोंडी परीक्षेला आपण ‘व्हायवा’ म्हणतो, तो ‘व्हायवा व्होसी’ म्हणजे ‘जिवंत वाणीने’. ‘जीव’ आणि ‘वाक्’ दोन्ही त्यात बसले आहेत.

षष्ठी ओळखायला आणखी सोपी. मराठीत ‘चा-ची-चे’, आमच्या अहिराणीत ‘ना-नी-नं’, लॅटिनमध्ये एकवचनात बहुधा ‘-ए’, ‘-ई’ किंवा ‘-इस’. ‘अमिकस क्युरिए’ म्हणजे ‘न्यायालयाचा मित्र’. न्यायालय एखाद्या ज्येष्ठ वकिलांना मदतीला बोलावतं, ते न्यायमित्र. ‘ऑनोरिस कॉझा’ म्हणजे ‘सन्मानाच्या कारणाने’: पहिला शब्द षष्ठीत, दुसरा तृतीयेत. विद्यापीठाने मानद डी.लिट. दिली तर हा प्रयोग पदवीपुढे लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही पदवी प्रबंध लिहून मिळवलेली नाही.

अनेकवचनी षष्ठीचा शेवट ‘-ओरम’ किंवा ‘-आरम’. देवळाविषयी इंग्रजीत लिहिताना गाभाऱ्याला ‘सँक्टम सँक्टोरम’ म्हणतात. चांगदेवच्या मंदिराची इंग्रजी माहिती वाचताना तो सापडेल. विभक्ती लावा: ‘पवित्रांतलं पवित्र’. आणि ग्रामसभेतला ‘कोरम’? तोही याच घरातला: ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या जुन्या लॅटिन आदेशात ‘ज्यांच्यापैकी अमुक एक तरी हजर असावा’ असं वाक्य असे. त्यातला एकच शब्द उचलला गेला आणि जगभरच्या सभांना चिकटला. आपल्याकडे ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाहीतर सभा गणपूर्तीअभावी तहकूब.

चतुर्थीचं एक उदाहरण तर आपण रोज तोंडाने म्हणतो. ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातलं ‘ऑम्नि’ म्हणजे ‘सर्व’ आणि शेवटचं ‘बस’ हा निव्वळ अनेकवचनी चतुर्थीचा प्रत्यय, संस्कृतातल्या ‘भ्यः’चा नातलग, ‘सर्वेभ्यः’ म्हणा ना. एकोणिसाव्या शतकात सर्वांना बसता येईल अशा घोडागाडीला ते नाव पडलं, पुढे तोंड गळून गेलं आणि शेपूट राहिलं. शिरपूरच्या स्थानकात आपण ज्या गाडीची वाट बघतो ती व्याकरणाच्या हिशेबाने चतुर्थीचा एक प्रत्यय आहे. हे एकदा कळलं की विभक्ती पुस्तकातून बाहेर येऊन रस्त्यावर धावायला लागते, आणि पोरांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

संस्कृतशी असलेल्या या साम्याला आधार आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते पक्कं केलं. म्हणून ‘माटेर’ला मातृ, ‘नोव्हस’ला नव, ‘मेडियस’ला मध्य, ‘एस्ट’ला अस्ति हे जोड सापडतात. मात्र प्रत्येक मिळताजुळता आवाज नातं सांगत नाही. जोड सापडला तर लक्षात ठेवायला वापरा, अर्थ ठरवायला नको.

पायरी तिसरी: रूढ मराठी संज्ञेला भेटा

शब्दशः अर्थ निघाला की थांबायचं नाही. मराठीत त्याला ठरलेला शब्द आहे का, ते बघायचं, कारण अर्ज, दावा, परीक्षेचं उत्तर यांत तोच चालतो. राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ मधली पाच आज्ञापत्रं, इंग्रजीत ‘रिट’, घ्या. त्यांतले चार शब्द लॅटिन आहेत. ‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे ‘देह हजर कर’; कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणण्याचा हुकूम, बंदी प्रत्यक्षीकरण. ‘मँडॅमस’ म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’, परमादेश. ‘क्वो वॉरंटो’ म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने?’, म्हणून अधिकारपृच्छा. ‘सर्शिओरारी’ म्हणजे ‘खात्रीने कळवलं जावं’. खालच्या न्यायालयाचे कागद वर मागवून घेण्याचा हुकूम, उत्प्रेषण. पाचवा ‘प्रोहिबिशन’, म्हणजे प्रतिषेध, इंग्रजीच्या वळणाचा.

पाठ करणाऱ्या मुलांचा ‘मँडॅमस’ आणि ‘क्वो वॉरंटो’ यांत नेहमी गोंधळ होतो. क्रियापद लक्षात ठेवलं तर होणार नाही: एकात आज्ञा आहे, दुसऱ्यात प्रश्न आहे. अधिकाऱ्याने करायचं काम केलं नाही, तर आज्ञा मागायची. खुर्चीवर बसायचा हक्कच नसलेला माणूस बसला असेल, तर प्रश्न विचारायचा. खान्देशातून उच्च न्यायालयात असा अर्ज करायचा तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात.

‘हेबियस कॉर्पस’चं वजन कळायला १९७६ चा निकाल आठवावा. आणीबाणीत स्थानबद्धांना या मार्गाने न्यायालयात येता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी म्हटलं, न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. दोन लॅटिन शब्दांवर माणसाचं स्वातंत्र्य तोललेलं असतं, ते असं.

पायरी चौथी: न्यायालयाच्या कागदातले जुळे वेगळे ओळखा

शेतजमिनीचा दावा चालू असलेल्या घरात हा भाग नीट वाचावा.

‘स्टेटस क्वो’ म्हणजे ‘ज्या स्थितीत आहे ती’. मराठी वर्तमानपत्रं ‘जैसे थे’ लिहितात. पण कधी आदेशात पुढे आणखी एक शब्द असतो: ‘स्टेटस क्वो अँटे’. त्या ‘अँटे’ने सगळं बदलतं. पहिल्याचा अर्थ आज जे आहे ते तसंच राहू द्या. ताबा आज ज्याच्याकडे, त्याच्याकडेच राहील. दुसऱ्याचा अर्थ वादाच्या आधी जे होतं तिथे परत जा. मधल्या काळात कोणी कुंपण घातलं असेल तर ते काढावं लागू शकतं. आदेश हातात आला की पहिल्यांदा हा तिसरा शब्द आहे की नाही ते बघा.

‘रेस ज्युडिकाटा’ आणि ‘रेस सब ज्युडिसी’ हेही असेच जुळे. पहिली ‘न्याय झालेली गोष्ट’, दुसरी ‘न्यायाधीशापुढे असलेली गोष्ट’. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ११ पहिल्याचं, कलम १० दुसऱ्याचं. त्याच पक्षकारांत त्याच मुद्द्यावर एकदा अंतिम निकाल लागला की पुन्हा दावा चालत नाही. आणि तसाच आधीचा दावा अजून चालू असेल तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते.

‘लिस पेंडेन्स’ म्हणजे ‘लटकलेला दावा’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५२ याच तत्त्वावर उभं आहे: दावा चालू असताना कोणी ती जमीन विकली तर विकणाऱ्याविरुद्धचा निकाल घेणाऱ्याच्याही गळ्यात पडतो. म्हणून सातबारा कोरा दिसला तरी जमिनीवर दावा चालू आहे का, याची चौकशी खरेदीआधी वकिलाकडून करून घ्यावी.

‘कॅव्हेट’ हा एकटा शब्द पूर्ण वाक्य आहे: ‘त्याने सावध असावं’. माझं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश देऊ नका, असं आधीच कळवून ठेवण्याची सोय दिवाणी संहितेच्या कलम १४८ अ मध्ये आहे. ती ९० दिवस टिकते. पुढेही भीती वाटत असेल तर पुन्हा दाखल करावी लागते. ‘ॲफिडेव्हिट’ही असंच एक वाक्य, ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. ‘अलिबी’ म्हणजे ‘दुसरीकडे’. गुन्ह्याच्या वेळी मी तिथे नव्हतो, अन्यत्र होतो. आणि पोलिसांच्या कागदात ‘उर्फ’च्या जागी येणारा ‘एलियस’ म्हणजे ‘एरवी’.

‘इन कॅमेरा’बद्दल खास सांगायला हवं. इथे ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. न्यायालय ‘इन कॅमेरा’ सुनावणी घेतं म्हणजे दार लावून, लोकांना बाहेर ठेवून घेतं. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेच्या संरक्षणासाठी ते होतं. मराठी बातम्यांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असं छापून येतं तेव्हा अनेकदा चित्रीकरणासह, असा त्याचा अर्थ घेतलेला असतो. दोन्ही वापर रूढ आहेत आणि एकमेकांच्या उलट आहेत, तेव्हा संदर्भ बघितल्याशिवाय अर्थ लावू नका.

पायरी पाचवी: डॉक्टरांची चिठ्ठी

वर डाव्या कोपऱ्यात आर अक्षराच्या पायाला छेद दिलेली खूण असते. ती ‘रेसिपे’ची, म्हणजे ‘घे’. हे आज्ञार्थी क्रियापद औषध तयार करणाऱ्याला उद्देशून आहे.

ओ.डी. दिवसातून एकदा. बी.डी. म्हणजे ‘बिस डाय’, दिवसातून दोनदा. हा ‘बिस’ संस्कृतातला ‘द्विः’. टी.डी.एस. म्हणजे ‘टेर डाय सुमेंडम’, दिवसातून तीनदा घ्यायचं. ‘टेर’ म्हणजे ‘त्रिः’. पगारातून कापला जाणारा टी.डी.एस. वेगळा, तो इंग्रजी शब्दांचा संक्षेप आहे. क्यू.आय.डी. दिवसातून चारदा. ए.सी. जेवणाआधी, पी.सी. जेवणानंतर: अँटे आणि पोस्ट, तेच दोघे. एच.एस. झोपायच्या वेळी. ‘स्टॅट’ म्हणजे लगेच.

एस.ओ.एस. दिसलं की माणसं घाबरतात, संकटाचा संदेश समजतात. चिठ्ठीत तो ‘सी ओपुस सिट’ आहे, ‘गरज पडली तर’. ताप आला तरच ती गोळी, नाहीतर नको. उलट, एस.ओ.एस. लिहिलेली गोळी रोज तीनदा घेणं हेही चूकच.

एक सापळा डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ओ.डी. म्हणजे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा, ओ.एस. म्हणजे ‘ऑक्युलस सिनिस्टर’, डावा, ओ.यू. दोन्ही. ‘डेक्स्टर’ आणि ‘दक्षिण’ एकाच मुळाचे, आणि संस्कृतात दक्षिण हात म्हणजे उजवा हात, तेव्हा विसरायला होणार नाही. पण थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं ओ.डी. असेल तर तो ‘दिवसातून एकदा’ही असू शकतो आणि ‘उजव्या डोळ्यात’ही. अशा वेळी अंदाज करू नये. चिठ्ठी कितीही वाचता आली तरी मात्रा औषध दुकानदाराकडून तोंडी वदवून घ्यावी आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठी पाकिटावर मराठीत लिहून घ्यावी.

पायरी सहावी: शेत, रान आणि सोनं

वनस्पतींची दोन शब्दांची नावं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत ‘जीनस’), दुसरा बहुधा विशेषण. मराठीत ‘चांगला, चांगली, चांगलं’ असं विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, तसंच लॅटिनमध्ये ‘इंडिकस, इंडिका, इंडिकम’. गोवंश ‘बॉस इंडिकस’, आंबा ‘मॅन्जिफेरा इंडिका’, तीळ ‘सेसॅमम इंडिकम’. तिघांचाही अर्थ एकच, भारतातला. मागचा प्रत्यय पुढच्या नावाशी जुळवून घेतो, इतकंच.

विशेषणं कळली की झाड डोळ्यांपुढे उभं राहतं. ‘हिर्सुटम’ म्हणजे केसाळ. हा आपण सर्वाधिक लावतो तो अमेरिकन कापूस. ‘गॉसिपियम आर्बोरियम’ म्हणजे झाडासारखा. हा देशी कापूस. बीटी कापसातलं बीटी म्हणजे ‘बॅसिलस थुरिन्जिएन्सिस’: बॅसिलस छोटी काठी, कारण जिवाणूचा आकार तसा, आणि ‘-एन्सिस’ म्हणजे ‘तिथला’, जर्मनीतल्या थुरिंगियाचा. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि खान्देशातल्या काळ्या जमिनीत हा जर्मन गावाकडचा प्रत्यय घरोघरी पोचला. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी पनामा मर रोगाचं नाव बघावं: ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम’, पुढे ‘एफ. एस.पी. क्युबेन्स’. ते एफ. एस.पी. म्हणजे ‘फॉर्मा स्पेशिआलिस’, विशिष्ट पिकाला धरणारं रूप; आणि ‘क्युबेन्स’ हे ‘-एन्सिस’चंच नपुंसकलिंगी रूप, क्युबाचं. हरभरा ‘सायसर ॲरायटिनम’, मेंढ्याच्या डोक्यासारखा. एक घाटा सोलून दाणा आडवा धरून बघा, चोचीसकट ते डोकं दिसतं. ‘सटायव्हा’, ‘सटायव्हम’ म्हणजे लागवडीचं: भात, लसूण, कोथिंबीर. सातपुड्यात मोह ‘मधुका लाँगिफोलिया’, लांब पानांचा, आणि त्यातला ‘मधुका’ तर संस्कृत ‘मधूक’च. सालई ‘बॉस्वेलिया सेराटा’, करवतीदात्या पानांची.

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची रासायनिक खूण ए.यू., चांदीची ए.जी.; ‘ऑरम’ आणि ‘अर्जेंटम’. हा ‘अर्जेंटम’ आणि संस्कृत ‘रजत’ एकाच मुळाचे. शिसं पी.बी., ‘प्लंबम’, पूर्वी नळ शिशाचे असत, म्हणून नळकाम करणारा प्लंबर.

पायरी सातवी: स्वतः लिहिताना

ई.जी. आणि आय.ई. यांचा घोळ फार मोठा आहे, प्रबंधांतसुद्धा. ई.जी. म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्रेशिया’, उदाहरणार्थ. आय.ई. म्हणजे ‘इड एस्ट’, ‘ते आहे’, म्हणजेच. खान्देशातले तालुके म्हणून यावल, साक्री, शहादा लिहिलेत तर आधी ई.जी. हवं, कारण आणखी पुष्कळ उरलेत. महाराष्ट्रातल्या खान्देशाचे जिल्हे म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार लिहिलेत तर आय.ई., कारण १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाल्यापासून ते तीनच आहेत, यादी संपली. शंका आली की तिथे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘म्हणजे’ ठेवून वाचा. चुकीचा शब्द कानाला लगेच खटकतो. ई.जी. वापरलं की शेवटी ई.टी.सी. लावायचं नाही, उदाहरणं अपुरी असतात हे गृहीतच आहे. ‘एट सेटेरा’चा उच्चार ‘एक्सेट्रा’ नाही, आणि त्याच्याआधी ‘अँड’ लिहू नये, ‘एट’ म्हणजेच ‘आणि’. वस्तूंसाठी एट सेटेरा, माणसांसाठी ‘एट अल.’, म्हणजे ‘आणि इतर जण’. ‘सी.एफ.’चा अर्थ नुसतं ‘पाहा’ नाही, ‘ताडून पाहा’. अवतरणात मूळ लेखकाची चूक तशीच ठेवली हे सांगायला ‘सिक’, म्हणजे ‘मुळात असंच’. सनावळीआधी ‘सर्का’ म्हणजे सुमारे.

वचनाकडे लक्ष द्या. ‘मी या शाळेचा ॲलमनाय आहे’ हे चूक. एक मुलगा ॲलम्नस, एक मुलगी ॲलम्ना, सगळे मिळून ॲलमनाय. या शब्दाचा अर्थ ‘पोसलेला’, आणि शाळा ती ‘आल्मा माटेर’, पोसणारी आई.

उच्चारावरून वाद घालू नका. प्राचीन रोमचा, चर्चचा आणि इंग्रजी न्यायालयांचा, असे उच्चाराचे तीन रिवाज आहेत. आपल्या न्यायालयांत तिसरा चालतो, तोच धरा. लग्नपत्रिकेवरचं आर.एस.व्ही.पी., करारातलं ‘फोर्स मेजर’ आणि ‘एन मास’ हे लॅटिन नाहीत, फ्रेंच आहेत. त्यांना ही विभक्ती लागणार नाही.

पायरी आठवी: एक आदेश उलगडून बघा

समजा, आदेशात लिहिलंय की ‘ॲड इंटरिम एक्स पार्टे’ मनाई दिली आहे, प्रतिवादीविरुद्ध ‘प्रायमा फेशी’ बाब दिसते, आणि ‘इंटर एलिया’ जुनी फेरफार नोंद विचारात घेतली आहे. क्रमाने जा. ‘ॲड’ म्हणजे साठी, ‘इंटरिम’ मधला काळ: हा निकाल नाही, मधल्या काळापुरता हुकूम आहे. ‘एक्स’ म्हणजे कडून, ‘पार्टे’ बाजू: दुसऱ्या बाजूचं अजून ऐकलेलं नाही. ‘प्रायमा फेशी’ तृतीयेत: पहिल्या नजरेने, म्हणजे पुराव्यानंतर मत बदलू शकतं. ‘इंटर एलिया’: फेरफाराशिवाय आणखीही कागद बघितले गेले आहेत, ते कोणते हे नकला काढून बघावं लागेल. नोटीस न देता दिलेल्या अशा मनाईचा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं दिवाणी संहितेच्या आदेश ३९, नियम ३ अ मध्ये न्यायालयालाच सांगितलं आहे. तेव्हा वकिलांकडे तातडीने जाऊन लेखी म्हणणं द्यावं.

आता त्याच कागदावर ‘एक्स पार्टे’नंतर मनाईऐवजी ‘डिक्री’ हा शब्द असेल तर गोष्ट वेगळी: हा एकतर्फी निकाल आहे. तो रद्द करून घेण्याचा अर्ज आदेश ९, नियम १३ खाली करायचा, मुदत ३० दिवस. ती निकालाच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर निकाल कळला त्या दिवसापासून. म्हणून वकिलांकडे जाताना निकालाच्या नकलेबरोबर समन्सचा लखोटा, तो कधी आणि कोणाच्या हातात पडला ही माहिती, आणि निकाल कळल्याची तारीख लिहून न्या.